जॅकेटसाठी पॉलिएस्टर कव्हर: संग्राहकाने घ्यावंच असं

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं मूळ जॅकेट, म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीवरचं सुटं छापील वेष्टन, फाटलं किंवा हरवलं की त्या प्रतीच्या किमतीचा मोठा भाग गेला. त्यामुळे सह्या असलेल्या आणि मर्यादित आवृत्तीच्या माझ्या सगळ्या प्रतींना मी पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची, मागे पांढरा कागद असलेली कव्हरं घालते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जॅकेटला कुठेच डिंक किंवा चिकटपट्टी लागत नाही. फिल्म आणि कागदाच्या मध्ये जॅकेट सरकवायचं, कडा नीट दुमडायच्या, झालं. हवं तेव्हा ते जसंच्या तसं बाहेर येतं. मागचा कागद आम्लमुक्त आहे, आम्ल निष्प्रभ करणारं कॅल्शियम कार्बोनेट घातलेला. खरेदी करताना हे जरूर पाहा. पीव्हीसीच्या कव्हरांना मात्र हातही लावू नका. त्यातले प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारी रसायनं) हळूहळू बाहेर येतात, कव्हर चिकट होतं आणि जॅकेटची शाई त्याला लागते. पॉलिएस्टरचं तसं होत नाही.

दोन गोष्टी खटकतात. फिल्मवर स्थिर विद्युत साठते, म्हणून धूळ पटकन बसते. लेखकाने सहीसोबत कोळशाने किंवा पेस्टलने चित्र काढलं असेल, तर त्या पानावर ही फिल्म ठेवू नका, कण उचलले जातात. आणि साधी फिल्म अतिनील किरण अडवत नाही. खिडकीसमोरच्या कपाटात पुस्तकाच्या पाठीचा रंग उडणारच, विशेषतः लाल रंगाचा. अशा प्रतींना मी पूर्ण बंद होणारी पेटीच करून घेते.