नोंदणी-अर्जाचे रूप : बूटस्ट्रॅप घ्यावे की सीएसएस स्वतः लिहावी?

एचटीएमएलमध्ये अर्ज उभा राहिला, प्रत्येक रकान्याला लेबल मिळाले, माहिती जमाही होऊ लागली, पण पान अजून ब्राउझरने दिलेल्या ओबडधोबड रूपातच दिसते आहे, अशा टप्प्यावर आलेल्या नवशिक्यासाठी हे लिहितो आहे. गेल्या उन्हाळ्यात सांगलीत आम्ही मुलांचे नाट्यशिबिर घेतले आणि त्याच्या नावनोंदणीचे पान माझ्याकडे आले. तेव्हा मीही याच टप्प्यावर होतो. आधी बूटस्ट्रॅप, म्हणजे तयार सीएसएस नियमांचा खुला संच, लावून पाहिले, नंतर ते काढून सीएसएस, म्हणजे पानाचे रंगरूप ठरवणारे नियम, स्वतः लिहिली.

गूगल फॉर्म पानात बसवण्याचाही एक मार्ग आहे, पण त्यात रंग, शीर्षकाचे चित्र आणि मोजके फॉन्ट यांपलीकडे फारसे काही बदलता येत नाही आणि आयफ्रेमच्या (दुसरे पान आपल्या पानात दाखवणाऱ्या चौकटीच्या) आतल्या भागाला आपल्या पानाची सीएसएस लागत नाही. प्रश्न रूपाचाच असल्यामुळे तो पर्याय मी बाजूला ठेवतो.

बूटस्ट्रॅपचे पहिले अर्ध्या तासातले काम खरोखर सुखावणारे आहे. २०११ साली ट्विटरमधल्या मंडळींनी ते खुले केले आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्याला जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज उरली नाही, त्यामुळे एचटीएमएलच्या 'हेड' भागात एक लिंक घातली आणि रकान्यांना 'फॉर्म-कंट्रोल' हा क्लास (नियम लागू करण्यासाठीचे नाव) दिला की रकाने एका रुंदीचे होतात, मोबाइलवर नीट बसतात आणि त्यांतील अक्षरांचा फॉन्टही पानाशी जुळतो. त्या संध्याकाळी मी अर्ज शिबिराच्या ताईंना दाखवला तेव्हा त्यांना तो पसंत पडला. त्यांनी एवढेच सुचवले की निळ्याऐवजी आपल्या पत्रकातला कुंकवाचा गडद लाल रंग घ्यावा.

माझा निर्णय ठरला तो या साध्या सूचनेमुळे. मी आपल्या स्टाइलशीटमध्ये 'फॉर्म-कंट्रोल'च्या कडेला लाल रंग दिला, पान ताजे केले आणि रकाने लाल दिसले. मुलाच्या नावाच्या रकान्यात बोट टेकवले, तर कड पुन्हा निळी झाली आणि तिच्याभोवती फिकट निळे वलय आले. बोट बाहेर काढले की लाल, आत नेले की निळी. कारण असे की रकान्यात कर्सर असताना बूटस्ट्रॅपचा नियम फक्त क्लासवर नसतो, तो क्लास आणि फोकस ही अवस्था अशा दोघांवर मिळून असतो. म्हणून तो आपल्या एकट्या क्लासवरच्या नियमापेक्षा वजनदार ठरतो, आपली फाइल शेवटी जोडलेली असली तरीही. हे समजल्यावर मी फोकससाठी वेगळा नियम लिहिला. मग बटणाची पाळी आली. ते नेहमीच्या स्थितीत लाल होते, पण माउस नेला की निळे होई, आणि दाबून धरल्यावरच्या अवस्थेसाठी आणखी एक नियम लागला. चेकबॉक्सची खूण निळी ती निळीच राहिली. बूटस्ट्रॅपच्या पानांवर शोधल्यावर कळले की हे रंग मुळात सासच्या (ज्यापासून सीएसएस तयार होते त्या 'Sass' भाषेच्या) चलांमधून, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या किमतींमधून, येतात आणि ते बदलण्याचा शिस्तीचा मार्ग म्हणजे सासची फाइल बदलून सीएसएस नव्याने तयार करणे. ज्याला अजून टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडायची सवय नाही, त्याच्यासाठी एका रंगापायी ही तयारी मला जड वाटते. दोन संध्याकाळी मी निळ्या रंगाचा पाठलाग केला आणि त्या काळात स्वतःचे असे काहीच लिहिले नाही, फक्त दुसऱ्याने लिहिलेले खोडत बसलो.

एक सावधगिरीची सूचना इथेच द्यायला हवी. ते वलय नको म्हणून अनेक जण त्याची छाया शून्य करून टाकतात. बूटस्ट्रॅपने ब्राउझरची मूळ बाह्यरेषा आधीच काढलेली असते, त्यामुळे छायाही गेली की कळफलकाने अर्ज भरणाऱ्याला आपण कोणत्या रकान्यात आहोत हे कळण्याची खूणच फार पुसट होते. वलयाचा रंग बदलावा, वलय काढू नये.

सीएसएस स्वतः लिहिण्याचा मार्ग सुरुवातीला अधिक खडबडीत आहे, हे मान्य केले पाहिजे. रकान्याला शंभर टक्के रुंदी आणि थोडे पॅडिंग दिले की तो चौकटीबाहेर डोकावतो. 'बॉक्स-सायझिंग' ला 'बॉर्डर-बॉक्स' ही किंमत दिल्यावर तो आत येतो. पानाला मी मुक्त हा फॉन्ट दिला होता, तरी रकान्यांतली आणि बटणावरची अक्षरे वेगळ्याच वळणाची आणि बारीक दिसत होती, कारण रकाने आणि बटणे पानाचा फॉन्ट आपणहून उचलत नाहीत. त्यांच्यासाठी 'फॉन्ट : इनहेरिट' ही एकच ओळ पुरते, आणि पानाच्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेल असेल तर रकान्यावर बोट ठेवताच आयफोनवर पान आपोआप मोठे होण्याचा त्रासही तिनेच थांबतो. मराठी अर्जासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मी रकान्याची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली होती, तेव्हा 'कृष्णा' लिहिल्यावर 'कृ'चा ऋकार खालून कापला जात होता. उंची काढून फक्त वरखाली पॅडिंग ठेवले आणि अक्षर पूर्ण दिसू लागले.

रंगाच्या बाबतीत मला पहिल्यांदा हळदीचा पिवळा हवा होता. सांगलीच्या शिबिराला तो शोभला असता. पांढऱ्या पानावर मात्र पिवळी कड जवळजवळ दिसेना. डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या, निकषांप्रमाणे रकान्याच्या कडेचा पार्श्वभूमीशी ३:१ इतका तरी विरोध हवा आणि हळदीचा रंग तिथवर पोहोचत नाही. म्हणून कड आणि बटण लाल ठेवले, हळद शीर्षकामागच्या पट्टीला दिली. चेकबॉक्ससाठी 'ॲक्सेंट-कलर' ही एक ओळ पुरली. सगळे मिळून साठेक ओळी झाल्या, आणि त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे मला आजही सांगता येते.

ज्याला दहा-बारा पाने, तक्ते, मेनू आणि सूचनांच्या खिडक्या असे सगळे आठवड्यात उभे करायचे आहे, त्याने बूटस्ट्रॅप घेतले तर मी त्याला अडवणार नाही. निळा रंग चालणार असेल तर अडचण अशी काही नाहीच. क्रोम स्वतःहून नाव-पत्ता भरतो तेव्हा रकान्याला येणारी फिकट निळी पार्श्वभूमी तर दोन्ही मार्गांत सारखीच त्रास देते. पण एकच अर्ज असेल आणि तो आपल्या रंगात, आपल्या लिपीत नीट दिसावा अशी इच्छा असेल, तर माझ्या अनुभवाने पारडे स्वतःच्या साठ ओळींकडे झुकते. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनानिमित्त एकपात्री स्पर्धेचा अर्ज करायचा होता, तेव्हा मी तीच फाइल घेतली, वरच्या ओळीतल्या चलात लालऐवजी गडद हिरव्याचा संकेतांक लिहिला, आणि कड, वलय, बटण, चेकबॉक्स असे सगळे एकदम हिरवे झाले.