पोरांच्या फोनात गाळणी बसवली, सहा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, आमच्या घरी वायफाय नाही. घाटंजी तालुक्यातलं खेडं, सिमचा नेट, तोही छपरीत बसलं तरच नीट चालतो. त्यामुळे राऊटरमधे हे करा ते करा सांगणारे जेवढे व्हिडिओ पाहिले ते आमच्या काही कामाचे नव्हते. मी हे आमच्यासारख्याच घरांसाठी लिहून राहिली आहे, जिथं एक फोन मोठ्यांचा आणि एक जुना पोरांच्या हातात.

पोरगा पाचवीत, नवोदयची तयारी चालू, सर ग्रुपवर सराव पेपर टाकतात म्हणून जुना फोन त्याच्याकडे दिला. हे हिवाळ्यात जागलीला शेतात, रानडुकरं चण्याची नासाडी करतात, नाहीतर रात्रीची लाईट असली की ओलिताला. मी दिवसभर कापूस वेचून नऊला पडले की पडलेच. आणि पोरगा गोधडीत फोन घेऊन.

एका गेमची फुकटवाली फाईल शोधता शोधता तो कुठल्याशा साइटवर गेला, डाउनलोड दाबलं की भलतेच फोटो उघडायचे, एक बंद केला की दुसरा. त्यानं घाबरून फोन गादीखाली घातला आणि दोन दिवस हातच लावला नाही. मला लहानीनं सांगितलं, "आई, दादाच्या फोनात घाण येते, तो रडत होता." मी त्याला मारलं नाही, ओरडले पण नाही. पण रात्रभर झोप लागली नाही कारण फोन मीच दिला होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले. एका मोबाईलवाल्यानं ३०० रुपये घेऊन एक ॲप टाकून दिलं, म्हणे आता काहीच उघडत नाही ताई. आठवड्यानं ते ॲप पैसे मागायला लागलं, आणि पाहिलं तर मेसेज, कॉन्टॅक्ट, फोटो, सगळ्याची परवानगी त्यानं घेऊन ठेवलेली. पोरांना वाचवायला टाकलेलं ॲपच त्यांचे मेसेज वाचणार असेल तर ते मला नको. काढून टाकलं, ३०० गेले.

मग अमरावतीला बीसीए करणारी माझी भाची आहे तिला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, पैसे कायले देऊन रायली, ॲप पण नाही लागत, सेटिंगमधे एक नाव टाकायचं फक्त." आणि खरंच तेवढंच होतं. आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा फोन एका डिरेक्टरीला त्या साइटचा नंबर विचारतो, तिला डीएनएस म्हणतात. क्लाउडफ्लेअर कंपनीनं १ एप्रिल २०२० ला घरच्यांसाठी एक फुकटची डिरेक्टरी चालू केली, ती व्हायरसवाल्या आणि अश्लील साइटचा खरा नंबर देतच नाही. नंबर नाही म्हणजे साइट उघडत नाही. फोनात सेटिंग, मग नेटवर्क किंवा कनेक्शन, त्यात प्रायव्हेट डीएनएस, आणि तिथं होस्टनेमच्या जागी इंग्रजीत टाकायचं फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम (family.cloudflare-dns.com). मी पहिल्यांदा हायफन विसरले तर अख्खा नेटच बंद पडला, म्हणून अक्षर अन् अक्षर तपासा. अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनात हे असतं. आणि आमच्यासाठी मोठी गोष्ट ही की सिमच्या डेटावरही चालतं, कुणाच्या वायफायवरही चालतं, कारण सेटिंग फोनातच बसलेली आहे. ज्यांच्याकडे फायबर आलंय त्यांनी राऊटरमधे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे दोन आकडे टाकले की घरच्या वायफायवरचे सगळे फोन झाले.

एक लक्षात ठेवा, साइट अडवली की कुठली पाटी बिटी येत नाही, नुसतं साइट उघडली नाही असं दिसतं. आमच्याकडे रेंज अशीही जाते, त्यामुळे पोराला वाटायचं टॉवर गेला. मीच त्याला बसवून सांगितलं की हे मी लावलंय आणि का लावलंय. लपवून लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ही सेटिंग पोरगं दोन मिनिटांत बंद करू शकते, ती टिकते ते त्याला पटलं म्हणूनच.

पण सगळं पटण्यावर सोडलं नाही, सोबत गूगलचं फॅमिली लिंक टाकलं, म्हणजे पोराच्या फोनावर आईबापाला आपल्या फोनातून लक्ष ठेवता येतं ते ॲप. हे पण फुकट. बसवायला मात्र तीन संध्याकाळी गेल्या, पोराच्या नावाचं वेगळं अकाउंट, माझं अकाउंट त्या फोनातून काढणं, मधेच नेट जाणं. चिकाटी ठेवा. आता प्ले स्टोअरवरून नवीन ॲप घ्यायचं तर आधी माझ्या फोनवर विचारणा येते. म्हणूनच दोन्ही सोबत लागतात, कारण नेट दुसऱ्याच वाटेनं फिरवणारं एखादं व्हीपीएन ॲप टाकलं की डीएनएसची गाळणी बाजूला राहते, आणि ते ॲप आता मला विचारल्याशिवाय येत नाही. क्रोममधे एखादी साइट अडली तर तिथूनही तो विचारतो, सराव पेपरची एक साइट मी कापसाच्या ओळीत उभं राहून चालू करून दिली होती. रात्री साडेआठ ते सकाळी सहा फोन बंद. बंद असला तरी कॉल घेता येतो, हे मी आधी तपासलं, कारण बाप शेतात रात्री एकटा असतो, काही इचूकाटा झाला तर फोन उचलला गेला पाहिजे. आणि रेंज नसताना फोन उघडायचा असला तर माझ्या ॲपमधे एक कोड दिसतो, तो सांगितला की नेट नसूनही उघडतो. ज्यानं हे सुचवलं त्याचं भलं होवो.

आता जिथं मी चुकले ते. महिनाभर मला वाटलं झालं काम. मग एक दिवस सहज यूट्यूबची हिस्टरी उघडली तर आईबहिणीच्या शिव्यांचे प्रँक, डबल मीनिंगचे जोक, झटपट पैसे कमवा, सगळं हिंदीत, सगळं शॉर्ट्सवर. यूट्यूबच्या आत कुठला व्हिडिओ चालू आहे ते डीएनएस पाहूच शकत नाही. मग फॅमिली लिंकमधून यूट्यूबचं वेगळं सेटिंग केलं, त्यात एक्सप्लोर नावाचा पर्याय ९ वर्षांपुढच्या पोरांसाठी असतो, तो लावला. खूप फरक पडला, पण अधूनमधून एखादा गळून येतोच. लहानीला तर यूट्यूब किड्स शिवाय काही देतच नाही. रविवारी मी त्याच्यासोबत बसून हिस्टरी पाहते, पहिले दोनदा तो तोंड पाडून बसला, आता स्वतःच दाखवतो की हा व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला.

व्हाट्सॲपच्या आत काय येतं ते यातलं काहीच अडवत नाही. त्यासाठी पोराला १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घेतला, कुणी फोटो मागितला, धमकी दिली तर आधी मला आणि मी नसले तर तिथं.

मार्क द्यायचे तर डीएनएसला १० पैकी ९, फॅमिली लिंकला ७, बसवायचा त्रास आणि एकच फोन सगळ्यांनी वापरायचा असला तर ते नीट जमत नाही म्हणून. विकतचं काही घ्यायची गरज मला तरी वाटली नाही.

राहिला शेजार. पोरगा जाऊबाईच्या घरी जातो आणि तिथल्या फोनात काहीच लावलेलं नाही. त्यांना म्हटलं तर म्हणाल्या, "मले नाई समजत बाई, तूच कर." फोन उघडून पाहिला तर अँड्रॉइड ८, प्रायव्हेट डीएनएस नाहीच. भाचीनं सांगितलं की क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ नावाचं ॲप येतं, त्यात फॅमिलीचा पर्याय आहे, ते टाकता येते. उद्या वेचणीला सुट्टी आहे, जेवण झालं की त्यांच्या ओसरीत बसते.