टूर्नामेंट पोकर की कॅश गेम: नोकरी सोडण्याआधीचा हिशेब

गणपतीत घरी आलेल्या भाच्याने आरतीनंतर मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मामा, पूर्णवेळ पोकर खेळायचं तर टूर्नामेंट धरू की कॅश?" त्याच्या मोबाइलवर भारतीय पोकरपटू संतोष सुवर्णा यांचा फोटो होता. २०२४ मध्ये त्यांनी लास व्हेगासला अडीच लाख डॉलर बाय-इनची (म्हणजे प्रवेशाला भरायच्या रकमेची) स्पर्धा जिंकली, बक्षीस ५४ लाख डॉलर. आपल्या देशाचा माणूस तिथे जिंकला याचा मलाही अभिमान वाटला होता. पण त्या फोटोवरून धंदा ठरवायचा नसतो. मी आठ वर्षं दोन्ही खेळलोय, बहुतेक गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर, म्हणून जे त्याला सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो.

कॅश गेममध्ये समोरची चिप म्हणजे तेवढे पैसे. ब्लाइंड्स, म्हणजे प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच लावावी लागणारी छोटी आणि मोठी (बिग) रक्कम, बदलत नाहीत, आणि थकलात, टेबल अवघड वाटलं, की चिपा उचलून घरी जाता येतं. टूर्नामेंटमध्ये बाय-इन भरला की तो विसरायचा. ब्लाइंड्स वाढत जातात, चिपा संपल्या की तुम्ही बाहेर, आणि मोठी रक्कम वरच्या चार-पाच जागांत असते.

ही वाटणी किती उभी असते ते वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या लास व्हेगासच्या वार्षिक स्पर्धामालिकेतल्या मुख्य स्पर्धेवरून, मेन इव्हेंटवरून, कळतं. २०२४ मध्ये १०,११२ जणांनी प्रत्येकी १०,००० डॉलर भरले. त्यातले ७०० आयोजकांकडे गेले, ९,३०० बक्षिसांत. पैसे मिळाले १,५१७ जणांना, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी रिकाम्या हाताने परतले. सर्वांत खालचं बक्षीस १५,००० डॉलर, पहिलं १ कोटी. आता समजा तुम्ही त्या गर्दीतल्या सरासरी खेळाडूच्या दुप्पट चांगले आहात, आणि दुप्पट ही फार मोठी गोष्ट झाली. तरी पहिलं येण्याचा हिशेब पाच हजार वर्षांतून एकदा असा निघतो. म्हणून व्यावसायिक टूर्नामेंट खेळाडू एका स्पर्धेवर जगत नाही, शेकडो स्पर्धांच्या बेरजेवर जगतो. ती बेरीज पुरी होईपर्यंत तग धरणं हीच त्याची खरी नोकरी.

आणि बेरीज बघताना दोन्ही बाजू बघा. डॅनियल नेग्रानू हे या खेळातलं फार मोठं नाव, आणि तो वर्षाचा जमाखर्च स्वतःहून जाहीर करतो. २०१७ मध्ये त्याने बक्षिसांचे सुमारे २८ लाख डॉलर मिळवले. भरलेले बाय-इन वजा केले तेव्हा वर्ष ८६ हजार डॉलर तोट्यात होतं. इंटरनेटवर खेळाडूंच्या नावापुढे जी कमाई दिसते ती फक्त जमेची बाजू असते. खर्चाची बाजू कुणी छापत नाही, आणि नेग्रानूने ती दाखवली म्हणून मला तो माणूस आवडतो.

हेच वर्ष आपल्याकडे लावून बघा. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर आपल्या देशात सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर. त्यातून हरलेल्या बाय-इनची वजावट मिळत नाही. म्हणजे २८ लाख डॉलरवर निदान ८ लाख ४० हजारांचा कर, तोही तोट्याच्या वर्षी! कर कॅशच्या कमाईलाही आहेच. पण टूर्नामेंटचं बक्षीस कर कापूनच हातात पडतं, आणि बाकीच्या वीस स्पर्धा खिशातून गेलेल्या असतात. माझ्या ओळखीतले दोघे याच एका गोष्टीमुळे परत नोकरीला लागले.

दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२५ ची. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेने केला आणि त्यात कौशल्य की नशीब असा फरक ठेवला नाही. टूर्नामेंटवाल्यांना हा फटका जास्त बसला. पूर्वी पोरं घरबसल्या रविवारी वीस-पंचवीस स्पर्धा खेळायची, आणि शेकडो स्पर्धांची बेरीज महिन्या-दोन महिन्यांत हाती यायची. आता प्रत्यक्ष टेबलावर वर्षाला साठ-सत्तर स्पर्धा झाल्या तरी खूप. तेवढ्यावर आपण चांगले खेळतो की नशीब पाठीशी होतं हे तीन वर्षांनीही कळत नाही. कॅश टेबलावर मात्र तासाला पंचवीस-तीस डाव होतात, आणि रोज सहा तास बसलात तर वर्षभरात आपली पातळी बऱ्यापैकी समजते. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीच. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मुलाला गोवा. तिथलं भाडं, जेवण, प्रवास हेही बाय-इनच समजा.

आता मला कायम आठवणारे दोन डाव सांगतो. एका पावसाळ्यातली स्पर्धा, पहाटेचे साडेतीन, सोळा जण उरलेले. मला राजांची जोडी आली. समोरचा एक्का-राणीवर ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिपा लावल्या, मी लगेच कॉल केला, तेवढ्याच लावल्या. दोघांचे स्टॅक, म्हणजे चिपांचे साठे, जवळजवळ सारखे. असे दहा डाव झाले तर सात मी जिंकतो. टर्नपर्यंत, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पाच सामाईक पत्त्यांपैकी चौथ्यापर्यंत, त्याच्या कामाचं काही पडलं नव्हतं. रिव्हरला, पाचव्या पत्त्याला, किलवरचा एक्का पडला. बाहेर पडताना हातात तीन बाय-इनचे पैसे आले, पहिलं बक्षीस ऐंशी बाय-इनचं होतं. त्याच आठवड्यात कॅश टेबलावर राजांची जोडी अशीच मोडली. शंभर बिग ब्लाइंड्स गेले, मी दुसरा बाय-इन काढला आणि पुढचे पत्ते उचलले. दोन्ही डाव मी बरोबर खेळलो होतो. कॅशमध्ये माझी संध्याकाळ गेली, टूर्नामेंटमध्ये सगळा हंगाम.

हा हंगाम भरून काढायला टूर्नामेंटवाले अ‍ॅक्शन विकतात: बाय-इनचा काही हिस्सा दुसरा भरतो, जिंकलं तर तेवढा वाटा त्याचा. यात कमीपणा काही नाही. १९९७ मध्ये स्टू उंगर तिसऱ्यांदा मेन इव्हेंट जिंकला तेव्हा बाय-इन बिली बॅक्स्टरने भरला होता, आणि १० लाख डॉलरमधला अर्धा वाटा त्याला गेला. उंगर पुढच्याच वर्षी व्हेगासच्या एका मोटेलात वारला, वय ४५, जवळ जेमतेम काही शे डॉलर. अ‍ॅक्शन विका, पण कागदावर लिहून. २००६ च्या विजेत्या जेमी गोल्डचं १ कोटी २० लाख डॉलरचं बक्षीस तोंडी शब्दावरून कोर्टात गेलं होतं.

टूर्नामेंटच्या बाजूनेही मनापासून सांगण्यासारखं आहे. काय हरणार ते आधी माहीत असतं, कॅशमध्ये रात्री दोनला तिसरा बाय-इन काढणारा हात आवरावा लागतो. मोठ्या स्पर्धेला हौशी माणसं भरपूर येतात, तर कॅशच्या टेबलावर कधी कधी सगळे आपल्यासारखेच, आणि रेक, म्हणजे प्रत्येक डावात जमलेल्या पैशांतून (पॉटमधून) कॅसिनो कापतो तो वाटा, चालूच. शिवाय ट्रॉफी घरच्यांना दाखवता येते. वर्षभर कॅशमध्ये नेटाने कमावलेलं आईला कसं दाखवणार, हा प्रश्न मला फार वेळा पडलाय. आणि शेवटच्या टेबलावर बसण्याचा जो आनंद आहे तो कॅशमध्ये मला एकदाही मिळाला नाही.

तरी नोकरी सोडायची असेल तर माझा कौल कॅशला. एक वर्षाचा घरखर्च वेगळा, खेळाचे पैसे वेगळे, आणि त्यातला दहावा हिस्सा टूर्नामेंटला. टूर्नामेंटच खेळायचंय असं मन म्हणत असेल तर नोकरी ठेवा आणि हंगामाला रजा काढा. व्हेनेसा सेल्बस्ट तीन ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीजची स्पर्धा जिंकल्यावर मिळणारं कडं) जिंकूनही २०१८ च्या सुरुवातीला पूर्णवेळ पोकर सोडून एका गुंतवणूक कंपनीत गेली. नोकरी आणि खेळ यांच्यातलं दार दोन्हीकडून उघडतं, हे भाच्याला मी दोनदा सांगितलं.

त्याने अजून राजीनामा दिलेला नाही. जोड-सुट्टीला गोव्याला जातो, छोट्या ब्लाइंड्सच्या टेबलावर बसतो, आणि रात्री खोलीवर आल्यावर वहीत तास, बाय-इन, शिल्लक आणि खोलीभाडं असे चार आकडे लिहून मला फोटो पाठवतो. मार्चअखेर ती वही घेऊन आम्ही दोघं बसणार आहोत.