आई-बाबांनी अमेरिकेत यायचं कधी: मे-जूनमध्ये की सप्टेंबर-ऑक्टोबरात?

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेत जाणाऱ्यांचा ठरलेला महिना म्हणजे मे. पुण्या-नागपुरात काहिली, तिकडे छान हवा आणि गणपतीला घरी परत. टुरिस्ट व्हिसावर साधारण सहा महिने राहू देतात, म्हणजे धडपणे एकच मोसम वाट्याला येतो. नायगारा आणि न्यूयॉर्क काय, दोन्ही वेळी बघून होतं. फरक पडतो तो उरलेल्या दिवसांत. कोण भेटतं, कोण बोलतं, की दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसायचं?

मी न्यू जर्सीच्या उपनगरात राहते. आई-बाबा उन्हाळ्यात येऊन गेले, सासू-सासरे सप्टेंबरात. दोन्ही जोड्यांनी पाहिलेली अमेरिका निराळी होती. उन्हाळ्यात इथली माणसं अंगणात आणि रस्त्यावर असतात. त्यांच्यात मिसळायला निमंत्रण लागत नाही. फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पानगळीत, ती घरात जातात, मात्र त्याच दिवसांत दारं उघडतातही.

उन्हाळा सुरू होतो मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला. युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा हा स्मरणदिन. सकाळी त्यांच्या थडग्यांवर छोटे झेंडे लावतात आणि दुपारी घरोघरी ग्रिल पेटतात. सुट्टी आहे म्हणून कुणाला ‘हॅपी’ म्हणायला जाऊ नका. मग दर शनिवारी कुठे ना कुठे गॅरेज सेल, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची विक्री, असतो. खांबावर बाण काढलेला कागद, ड्राइव्ह-वेवर मांडलेली टेबलं, वस्तूंवर डॉलर-दोन डॉलरच्या चिठ्ठ्या. घासाघीस चालते. बाबांच्या सगळ्या ओळखी इथेच झाल्या. इंग्रजी बेताचंच, पण जुन्या पान्ह्या-पकडींवर गप्पा मारायला तेवढं पुरलं.

४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लहान गावाची परेड बघावी. बॉस्टन-वॉशिंग्टनच्या गर्दीत जायची काही गरज नाही. रोड आयलंडमधल्या ब्रिस्टल गावात हा उत्सव १७८५ पासून होतो, पण कुठल्याही गावात थाट साधारण तोच: अग्निशमन दलाचे बंब, शाळेचा बँड, निवृत्त सैनिक, सजवलेल्या सायकलींवरची पोरं. लोक भल्या पहाटे, कधी आदल्या रात्रीच, रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरतात आणि घरी जातात. त्या खुर्च्यांना सहसा कुणी हात लावत नाही. आतषबाजी मात्र रात्री नऊनंतर, कारण साडेआठपर्यंत उजेडच असतो.

तुमच्या गल्लीत ब्लॉक पार्टी होत असेल तर भाग्य. नगरपालिकेची परवानगी काढून रस्ता बंद करतात, प्रत्येक घरून एक पदार्थ येतो. पदार्थासोबत वाढायचा चमचा न्यावा आणि आत काय आहे त्याची चिठ्ठी लावावी. शेंगदाणे-काजू असतील तर नक्कीच, कारण ॲलर्जी ही इथे गंमत नाही. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. इथे जाताना ज्याने त्याने आपलं भांडं, असेल तसं, उचलून न्यायचं.

उन्हाळ्याची दुसरी बाजू स्पष्टच सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये निम्मी गल्ली सुट्टीवर जाते आणि रस्ते ओस पडतात. शाळा बंद, मुलांचे समर कॅम्प महाग, त्यामुळे आजी-आजोबा म्हणजे बिनपगारी पाळणाघर. आवडत असेल तर उत्तमच, पण हे तिकीट काढण्याआधी बोलून घ्यावं.

आता फॉल. आमच्याकडे शाळा लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आगेमागे सुरू होते आणि रोज सकाळी कोपऱ्यावर स्कूल बसचा थांबा भरतो. पिवळी बस थांबली की तिचे लाल दिवे लुकलुकतात, कडेने ‘स्टॉप’ची पाटी बाहेर येते आणि दोन्ही बाजूंची वाहनं जागच्या जागी उभी राहतात. त्याआधीची दहा मिनिटं खरी महत्त्वाची. हातात कॉफीचे पेले, कुणाचा कुत्रा, आणि रोज तेच पाच-सात चेहरे. सासरे नातवाला सोडायला जाऊ लागले. दोन आठवड्यांत तिशीतली शेजारीण त्यांना सरळ नावाने हाक मारू लागली. सासूबाईंना ते खटकलं, सासरे मात्र खूश. इथे वयाला ‘काका’ जोडत नाहीत; नावाने बोलावलं म्हणजे तुम्हाला त्यांच्यातलं धरलं.

३१ ऑक्टोबरचा हॅलोविन तर गुडघेदुखी असलेल्यांनी चुकवूच नये. पोर्चमधला दिवा चालू असेल तर वेष केलेली पोरं चॉकलेटं मागायला दार वाजवतात, बंद असेल तर गुपचूप पुढे जातात, नियम एवढाच. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून चॉकलेटांचा वाडगा मांडीवर घेऊन बसायचं. तास-दोन तासांत अख्खी गल्ली तुमच्या दारी येऊन जाते: चेटकिणी, स्पायडरमॅन, एखादं रांगणारं बाळ भोपळ्याच्या वेषात. मागे फुटपाथवर उभे असलेले आई-बाप हात हलवतात. पाकीटबंद चॉकलेटच द्यायचं. घरचे लाडू कितीही प्रेमाने वळले असले तरी लोक ते मुलांना खाऊ देत नाहीत, तेव्हा तो घाट घालू नये.

थँक्सगिव्हिंग, म्हणजे कृतज्ञतेचा सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. तो दिवस १९४१ साली कायद्याने पक्का झाला. ज्यांचे नातेवाईक जवळ नाहीत अशांनाही लोक आवर्जून जेवायला बोलावतात. बोलावलं तर ‘काय आणू?’ हे विचारायचंच. जेवण बहुधा दुपारी तीन-चारला. शाकाहारी मंडळींनी जरा जपून: ग्रेव्ही टर्कीच्या रसातली असते, स्टफिंग (पावाचं सारण) पुष्कळदा पक्ष्याच्या पोटातच शिजतं आणि रताळ्यावरच्या मार्शमेलोत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरीची चटणी, मक्याचा पाव हे बहुतेक चालतं, तरी विचारलेलं बरं. कुणी रागावत नाही. काही घरांत जेवणाआधी प्रत्येकाने एक कृतज्ञतेची गोष्ट सांगायची असते. खुशाल मराठीत सांगा, लेक भाषांतर करेल.

फॉलच्याच दिवसांत महाराष्ट्र मंडळांचे गणपती आणि दिवाळीही येतात, अर्थात शनिवार-रविवार बघून.

फॉलची अडचण नोव्हेंबरात कळते. पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, हळूहळू साडेचारलाच अंधारतं आणि संध्याकाळचा फेरफटका बंद पडतो. शिवाय मुलं शाळेत नि मोठी माणसं कामावर, म्हणजे दुपारचं घर सुनं सुनं.

मग निवड कशी करायची? मुलं नुकतीच त्या गावात राहायला गेली असतील तर उन्हाळाच घ्या. ओळखीपाळखी नसताना फॉलमध्ये त्यांनाच कुणी बोलावणार नाही, तर तुम्हाला कोण? भरपूर चालायची सवय आणि घरासमोर फुटपाथ असेल तरीही मे-जून चांगला. नातवंड शाळेत जाणारं असेल, गल्लीत चार माणसं ओळखीची असतील, तर मी डोळे मिटून फॉल म्हणेन. फिनिक्स किंवा डॅलसला जाणार असाल तर हा हिशेब सोडा. तिथे भर उन्हाळ्यात उकाड्यामुळे दुपारी रस्त्यावर कुणी नसतं, ऑक्टोबरनंतरच जावं.

आमच्या भागापुरतं माझं मत: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात यावं आणि थँक्सगिव्हिंग उरकून निघावं. परतीचं तिकीट मात्र त्यानंतरच्या रविवारचं काढू नका. त्या दिवशी अख्खी अमेरिका विमानतळावर असते, मंगळवार-बुधवार बघा.