पहिला नंबर लेखी देतो म्हणाला, आणि आमचा पत्ताच घेऊन गेला

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या कारखानदारांना 'तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो' असे तेच फोन पुन्हा यायला लागलेत असं कळलं, म्हणून हे लिहायला बसलो. माझं गेलं ते गेलं. पण मला फसवणारा तोच माणूस शेजारच्या शेडमध्ये चहा पीत बसलेला दिसल्यावर मला गप्प बसवेना.

आमचं हायड्रॉलिक सिलिंडरचं वर्कशॉप आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेलं. आज 2 सीएनसी आणि एक होनिंग मशीन आहे, 11 माणसं कामाला आहेत. उसाच्या ट्रॉलीचे जॅक हे मुख्य काम. गिऱ्हाईक अथणी, चिकोडी, गोकाकचं, तसंच पलीकडे कागल-शिरोळचं. 2016 साली एक साधी वेबसाइट केली होती. तिच्यावरून पुणे-हुबळीकडच्या महिन्याला 8-10 चौकश्या यायच्या, त्यातल्या 2-3 ऑर्डरी पक्क्या व्हायच्या. आमच्याएवढ्या कारखान्याला तेवढं पुष्कळ होतं.

गेल्या वर्षी जानेवारीत हिंदीतून फोन आला, "गूगलकडून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे." मी ठेवून दिला. नकाशावरची दुकानाची नोंद गूगल फुकट ठेवतं, एवढं मला माहीत होतं. चार दिवसांनी एक माणूस स्वतः आला आणि चक्क मराठीत बोलायला लागला. निपाणीचा आहे म्हणाला. वडिलांच्या फोटोपुढे हात जोडले. "काका, सीमाभागातला मराठी माणूस धंद्यात मागं राहायला नको बघा."

इथं मी फसलो. पैशाचं नंतर सांगतो, फसलो ते या वाक्याला. आपल्याकडे माणूस दिवसभर कानडी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत अडखळत काम करत असतो. त्यात कोणी घरच्यासारखं मराठीत बोललं की आपण त्याच्याकडे कागद मागत नाही. कागद मागणं त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. हे आपलं दुखणं त्याला नेमकं ठाऊक होतं.

त्यानं आपल्या मोबाइलवर गूगल उघडून एका 'क्लायंट'चं नाव सगळ्यात वर दाखवलं. त्या नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असणार, मी ते वाचलंच नाही. ती विकत घेतलेली जाहिरात. पैसे भरणं थांबलं की ती खाली उतरते. तिच्याखाली जे निकाल लागतात, तिथली जागा गूगल कोणालाही विकत नाही. साइट वर आणायची कामं करणारा माणूस नेमणाऱ्यांसाठी गूगलनं स्वतःच स्पष्ट लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि चांगलं काम केलं तरी फरक दिसायला बहुतेक वेळा 4 महिने ते वर्ष लागतं. याच्या लेटरहेडवर होतं, "90 दिवसांत पहिला क्रमांक, लेखी हमी."

महिन्याला 12,000 याप्रमाणे 6 महिने. एकदम भरले तर 10 टक्के सूट. 64,800 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 76,464 रुपये मी त्याच दिवशी पाठवले. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर कोणालाही लॉगिन न करता तपासता येतो. मी तो तपासला 7 महिन्यांनी. नोंदणी कधीचीच रद्द झालेली.

मग एकेक गोष्ट मागायला लागला. साइट स्लो आहे, आमच्या सर्व्हरवर घेऊ, म्हणून डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याच्या, ट्रान्सफरचा कोड मागितला. दिला. नकाशावरच्या नोंदीची मालकी मागितली. दिली. साइटवरचा आमचा मोबाइल नंबर काढून त्यानं दुसराच घातला, "कॉल किती येतात ते मोजायला, तुमच्याकडंच फॉरवर्ड होतोय की." खरंच होत होता, म्हणून मी काही बोललो नाही.

दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा. गूगलवर शोधायचे 42 शब्दप्रयोग, त्यातले 35 पहिल्या क्रमांकावर. मी तो फाइलला लावत होतो. चौकश्या मात्र कमी होत चालल्या होत्या. जूनमध्ये भाचा घरी आला, तो इथंच इंजिनिअरिंगला आहे. त्यानं रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "मामा, 'बेस्ट होन्ड ट्यूब हायड्रॉलिक सिलिंडर मॅन्युफॅक्चरर इन उद्यमबाग बेळगावी कर्नाटका' एवढं लांबलचक कोण टाइप करतंय सांगा की." कोणीच करत नाही. जे कोणी शोधतच नाही, त्यात पहिला नंबर यायला काय लागतं? उरलेल्यांत निम्म्या ठिकाणी आमच्याच फर्मचं नाव घालून शोधलेलं होतं.

मग त्यानं साइटचं पान उघडून सगळा मजकूर सिलेक्ट केला. तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले शेकडो शब्द निळे होऊन वर आले. लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांत सरळ फसवणुकीत मोडतो आणि साइटला शिक्षा होऊ शकते. 'मेटा कीवर्ड', म्हणजे पानाच्या कोडमध्ये आत घातलेले शब्द, त्यांचे वेगळे गुण रिपोर्टात होते. ते आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गूगलनं 2009 सालीच जाहीर केलेलं आहे. आणखी एक गोष्ट मला फार लागली. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक अजून इंग्रजीत 'बेलगाम' आणि मराठीत 'बेळगाव' असंच टाकून शोधतो. आमच्या जुन्या साइटवर ही दोन्ही नावं होती. यानं ती पुसून सगळीकडे 'बेळगावी' एवढंच ठेवलं. कानडी पानही यंत्रानं भाषांतर करून चिकटवलेलं. गोकाकच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं फोन करून सांगितलं, "साहेब, तुमच्या पानावरचं कानडी आम्हाला कळत नाही."

भाच्यानं सर्च कन्सोल बघायला मागितला. गूगलचीच ही सोय आहे, फुकट. आपली साइट कोणते शब्द टाकल्यावर दिसली, किती जणांनी उघडली, सरासरी कितव्या जागी होती, हे 16 महिने मागपर्यंत त्यात दिसतं. गूगलनं साइटवर कारवाई केली तर तीही तिथंच कळते. ते खातं त्या माणसाच्या नावावर होतं. आठवडाभर मागे लागल्यावर त्यानं बघण्यापुरती परवानगी दिली. आत एप्रिलची नोटीस पडून होती: अनैसर्गिक लिंका. जुगाराच्या आणि कसल्या कसल्या परदेशी साइटींवरून आमच्या साइटकडे हजारो लिंका विकत लावल्या होत्या, गूगलला फसवून साइट वर आणायला. दोन महिने ती नोटीस त्याच्या मेलवर जात होती आणि तो मला रंगीत रिपोर्ट पाठवत होता.

मी पैसे नाही, फक्त माझं डोमेन परत मागितलं. "रिलीज चार्ज 25,000," म्हणाला. तोच माणूस, तेच मराठी, फक्त 'काका' गेलं होतं. मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी आमचे मेल बंद पडले, कारण मेलचा पत्ता त्याच डोमेनवर होता. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे गळीत हंगामाच्या आधीची खरी कामाची वेळ. कोटेशन मागणारे मेल परत जात होते आणि गिऱ्हाइकाला वाटत होतं आम्ही धंदा बंद केला. त्या हंगामात रात्रपाळी लागलीच नाही. दोन माणसांना घरी बसवावं लागलं. त्यातला एक वडिलांच्या वेळचा होता.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली, शहरातल्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. 1930 पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. तासाभरात लावला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी 7 महिन्यांनी लावला. तरी लावा. अर्जासोबत लेटरहेड, बँकेची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज सगळं जोडा, आणि काही पुसू नका.

आता नवं डोमेन घेतलंय, माझ्या नावावर, माझ्या मेलवर, माझ्या कार्डानं. भाच्यालासुद्धा सर्च कन्सोलमध्ये मालक न करता फक्त वापरकर्ता म्हणून घेतलंय, आणि तसा आग्रह त्यानंच धरला. पानावर आमच्याच सिलिंडरचे फोटो, बोअर आणि स्ट्रोकची मापं, सील किट कोणतं बसतं ते, मराठीत आणि इंग्रजीत. कानडी पान आमच्या फिटरच्या मुलीनं लिहून दिलं. महिन्याला 3-4 चौकश्या येऊ लागल्यात.

पण आमच्या प्रत्येक सिलिंडरवर अ‍ॅल्युमिनियमची पाटी रिव्हेट केलेली असते आणि तिच्यावर साइटचा जुना पत्ता कोरलेला आहे. 8 वर्षांत गेलेले ते सिलिंडर रानोमाळ पसरलेत. परवा अथणीचा एक शेतकरी शोधत शोधत शेडवर आला. भरल्या उसाची ट्रॉली अडकून पडलेली, जॅकचं सील गेलेलं. पाटीवरच्या साइटवर जो नंबर होता, त्यावर तो तीन दिवस फोन लावत होता.