मॉरिस मायनरचे जुने मालक: लॉगबुक की फोटो?

ब्रिटनमधल्या एखाद्या मॉरिस मायनर या जुन्या मोटारीचे पूर्वीचे मालक शोधायचे तर वाटा दोन: मूळ लॉगबुक, म्हणजे गाडीची नोंदणी-पुस्तिका, नाहीतर कुणाच्या अल्बममधला जुना फोटो.

लॉगबुकचं काम सरळ. गाडी विकली की स्थानिक कौन्सिल नव्या मालकाचं नाव-पत्ता नोंदवून शिक्का मारायची. १९७४ पासून देशभरची नोंदणी वेल्समधल्या स्वान्सी शहरात एकवटली आणि कौन्सिलांची कितीतरी दप्तरं रद्दीत गेली. त्यामुळे पुस्तिका हाती लागली तर नशीबच म्हणायचं.

फोटो नाव सांगत नाही, पण भलताच बोलका. पुढची काच मधोमध दुभागलेली? मग गाडी १९५६ किंवा त्याआधीची. हेडलाइट खाली जाळीत बसवलेले? आणखी जुनी. नंबरातल्या तीन अक्षरांपैकी शेवटची दोन 'एफसी' असतील तर पहिली नोंदणी ऑक्सफर्डची, म्हणजे कारखान्याच्या गावातलीच! फक्त गाडीचं वय आणि फोटोचं वय एक समजू नका; मी एकदा फसलोय. गाडी १९५०च्या दशकातली होती, पण फोटोतल्या शेजारच्या गाडीच्या नंबराला शेवटी अक्षर होतं. ती पद्धत १९६३ची. म्हणजे फोटो त्यानंतरचाच.

शिवाय बॉनेटवरचा थर्मास, टपावर दोरीनं बांधलेला तंबू, मडगार्डवरचा पोचा हे कुठल्या शिक्क्यात सापडणार? खरेदी-विक्रीसाठी लॉगबुकच मागा. मला विचाराल तर फोटो, आणि तोही आधी उलटून बघा. पाठीमागे पेन्सिलीनं कुणीतरी गावाचं नाव लिहिलेलं असतं.