पॅसेजमधला फळा: फळ्याच्या रंगाचे वर्षभरानंतरचे परीक्षण

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मुलीची वार्षिक परीक्षा संपल्यावर, नवी मुंबईतल्या आमच्या ऐरोलीच्या घरातील हॉल आणि स्वयंपाकघर जोडणाऱ्या पॅसेजच्या भिंतीवर मी सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असा फळ्याच्या काळ्या रंगाचा, म्हणजे भिंतीवरच खडूने लिहिता-पुसता येईल अशा रंगाचा, पट्टा मारला. हे परीक्षण त्या रंगाचे आहे. रंग लावल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली परीक्षणे पुष्कळ वाचायला मिळतात आणि त्या दिवशी सगळेच फळे सुंदर दिसतात. एक पावसाळा, एक दिवाळी आणि दोन मुलांचे बारा महिने सोसल्यावर तो कसा दिसतो हे सांगता यावे, म्हणून मी मुद्दाम थांबलो होतो.

आधी गरज काय होती ते सांगितले पाहिजे. पत्नी महापे येथे नोकरी करते आणि धाकट्याच्या जन्मानंतर, म्हणजे गेली चार वर्षे, घर आणि मुले मी सांभाळतो. एका पगारात चालणाऱ्या घराला नवे रूप द्यायचे तर सुतार आणि सनमायका यांचा विचारही करता येत नाही. शिवाय घराचे सगळे नियोजन माझ्या एकट्याच्या डोक्यात आणि फोनमध्ये साठत गेले होते. मार्चअखेरीस पत्नीने सहज विचारले की मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात या वर्षी पैसे भरले का, आणि मला खात्रीने उत्तर देता येईना. त्या खात्यात वर्षाला किमान २५० रुपये भरले नाहीत तर ते थकीत धरले जाते आणि ५० रुपये दंड भरून पूर्ववत करावे लागते. रक्कम क्षुल्लक आहे. पण ज्या गोष्टीसाठी आपण पंधरा वर्षे पैसे भरणार आहोत ती घरात कुठेही दिसत नाही, हे मला खटकले.

बाजारात या रंगाचे दोन प्रकार मिळतात. शाळांचे फळे रंगवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरला जाणारा प्रकार तेलावर आधारलेला असतो. तो टर्पेंटाइनने पातळ करावा लागतो, तुलनेने स्वस्त असतो, टिकतोही चांगला, पण त्याचा उग्र वास लहान घरात बरेच दिवस रेंगाळतो. दुसरा पाण्यावर आधारलेला, थोडा महाग, जवळजवळ बिनवासाचा आणि ब्रश पाण्याने धुता येईल असा. घरात लहान मूल असल्यामुळे मी दुसरा घेतला. अर्धा लिटर रंग, प्रायमर, चार इंची रोलर, दोन नंबरांचे वॉटर पेपर (भिंत ओली करून घासण्याचे पॉलिश पेपर) आणि मास्किंग टेप मिळून मला ९४० रुपये खर्च आला, आणि त्या खर्चात चोवीस चौरस फुटांवर तीन हात बसले. एवढ्याच मापाचा चौकटीचा तयार फळा घेतला असता तर याच्या कितीतरी पट पैसे गेले असते आणि अरुंद पॅसेजमध्ये त्याची चौकट येता-जाता खांद्याला लागली असती, ती वेगळीच.

खरे काम रंग लावण्याआधीचे आहे, आणि त्याबद्दल डब्यावर दोन ओळींपलीकडे काही लिहिलेले नसते. आमची इमारत नव्वदच्या दशकातली असून पॅसेजला कमरेच्या उंचीपर्यंत जुना ऑइल पेंट आणि त्याच्या वर डिस्टेंपर होता. हात फिरवल्यावर ज्याची भुकटी बोटांना लागते अशा डिस्टेंपरवर हा रंग मारल्यास तो काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून तो खरवडून काढावाच लागतो. ऑइल पेंटची अडचण निराळी आहे. घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा देता येत नाही, आणि कोरड्या पॉलिश पेपरने घासल्यास तीच धूळ श्वासावाटे मुलांच्या शरीरात जाते. म्हणून मी दोन्ही मुलांना दोन दिवसांसाठी आजीकडे पाठवले, भिंत ओली करून वॉटर पेपरने घासली आणि खाली पसरलेली वर्तमानपत्रे तशीच गुंडाळून टाकून दिली. जुन्या इमारतीत राहणाऱ्या पालकांनी परीक्षणातला बाकीचा मजकूर विसरला तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवावे.

रंग लावणे त्यामानाने सोपे आहे. पहिला हात उभा, दुसरा आडवा आणि तिसरा पुन्हा उभा असा रोलर फिरवला की पृष्ठभाग एकसारखा येतो. प्रत्येक हातानंतर किमान चार तास थांबावे. माझी चूक झाली ती यापुढे. रंग हाताला कोरडा लागला, मुले परत आली, आणि उत्साहाच्या भरात मी दुसऱ्याच दिवशी फळ्याच्या मधोमध ठळक अक्षरांत ‘दरमहा पाच हजार शिल्लक’ असे लिहिले. हा रंग पूर्ण कडक व्हायला साधारण तीन दिवस लागतात. त्यानंतर खडू आडवा धरून संपूर्ण फळा पांढरा करायचा, कोरड्या कापडाने पुसायचा आणि मगच लिहायला सुरुवात करायची असते. त्यामुळे रंगातील सूक्ष्म छिद्रे आधीच खडूच्या भुकटीने भरतात आणि पुढचे अक्षर त्यांत रुतून बसत नाही. ज्या दुकानातून मी रंग घेतला तेथे हे कोणी सांगितले नाही, आणि डब्यावरची बारीक अक्षरे मी नंतर वाचली. परिणाम असा की गेले वर्षभर आमच्या फळ्यावर काहीही लिहिले तरी त्याच्या मागून ‘दरमहा पाच हजार शिल्लक’ फिकट राखाडी रंगात डोकावत असते. त्या बारा महिन्यांपैकी चारच महिने पाच हजार शिल्लक पडले, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पावसाळ्यात हा फळा निम्मा शहाण्यासारखा वागतो. जुलैत ऐरोलीची हवा इतकी दमट असते की खडू मऊ पडतो, अक्षर पुसट उमटते आणि पुसताना फळ्यावर राखाडी लेप पसरतो. खडू झाकणाच्या डब्यात ठेवल्याने बराच फरक पडला. आमच्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम असल्यामुळे जमिनीलगतच्या अर्ध्या फुटात ओल आली, खार फुटला आणि तेवढ्या पट्ट्यातला रंग सोलून निघाला. हा दोष रंगाचा म्हणता येणार नाही, कारण ओल असलेल्या भिंतीवर कोणताच रंग टिकत नाही. बाथरूममधील टाइल्सच्या सांध्यांत पुन्हा व्हाइट सिमेंट भरल्यावर ओल थांबली. तरीही रंग अगदी स्कर्टिंगपर्यंत न नेता एक फूट वर थांबवला असता तर हे टळले असते.

धुळीचा प्रश्न स्वयंपाकघराजवळ महत्त्वाचा आहे. साधा खडू जिप्समचा असतो आणि त्याची भुकटी हवेत उडते. डस्टलेस म्हणून मिळणारा खडू कॅल्शियम कार्बोनेटचा आणि जड असल्याने त्याची भुकटी सरळ खाली पडते. खाली पडणाऱ्या भुकटीसाठी मी विजेच्या तारांवर बसवतात ती पीव्हीसी केसिंग पट्टी उघडी बाजू वर ठेवून फळ्याच्या तळाशी चिकटवली, आणि आठवड्यातून एकदा तीच पुसतो. तळाचे दोन फूट धाकट्याच्या मालकीचे आहेत. फळा होण्यापूर्वी तो हॉलच्या भिंतीवर पेन्सिल चालवत असे. ती सवय पूर्ण सुटली नसली तरी हॉल पुन्हा रंगवण्याचा खर्च निदान पुढे ढकलला गेला.

आता ज्या कारणासाठी फळा केला त्याविषयी. सुरुवातीला आम्ही चौघांचे चार रकाने आखले आणि प्रत्येकाने आपापली उद्दिष्टे लिहिली. माझा रकाना पहिल्याच दिवशी भरला: गॅस नोंदवणे, सोसायटीचे बिल, लसीकरणाची तारीख, गणवेश. तिसरीतल्या मुलीने तो वाचून विचारले, “बाबा, ही तर कामं आहेत. यात तुझं काय आहे?” उत्तर नव्हते म्हणून मी पुसून ‘आठवड्यातून तीन दिवस पेटीचा रियाज’ असे लिहिले, आणि ऑगस्टपर्यंत त्यापुढे एकही खूण पडली नाही. पण त्या प्रश्नामुळे फळ्याचा नियम ठरला. एका महिन्याच्या आत संपणारी आणि एकट्याने उरकता येणारी गोष्ट फ्रिजवरच्या कागदावर जाते; ज्याला महिन्याहून अधिक काळ लागेल आणि घरातल्या किमान दोघांचा हात लागेल, तेच फळ्यावर येते. हा नियम येईपर्यंत आमचा फळा म्हणजे भिंतीएवढी किराणा यादी होती.

दुसरी दुरुस्ती सासूबाईंमुळे झाली. त्या जूनमध्ये राहायला आल्या असताना त्यांनी कर्जाच्या हप्त्याचा आणि शिलकीचा आकडा उभ्या उभ्या वाचला, काही बोलल्या नाहीत, पण निघताना मुलीच्या हातात नेहमीपेक्षा मोठी नोट ठेवली. पत्नीला ते फार लागले. पॅसेज ही घरातली सर्वांत उघडी जागा आहे, येणारा प्रत्येक माणूस तेथून जातो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. त्यानंतर आम्ही पैशांचे आकडे लिहिणे सोडले आणि बारा चौकटी आखल्या. ज्या महिन्यात ठरलेली रक्कम बाजूला पडते त्या महिन्याची चौकट मुलगी रंगीत खडूने भरते. मुलांना प्रगती कळते आणि पाहुण्यांना रांगोळी दिसते.

फळ्याचा सर्वांत ठोस उपयोग विजेच्या बिलात झाला. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिट असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यापलीकडचे युनिट आधीच्यापेक्षा महाग पडते. मे महिन्यात आमचे बिल ३४६ युनिटांचे आले, म्हणून ‘३०० च्या आत’ हे उद्दिष्ट लिहिले. दर रविवारी मुलगी खालच्या मीटरवरील आकडा पाहून येते आणि आठवड्याचे युनिट फळ्यावर मांडते; तिसरीतल्या मुलीला हातच्याची वजाबाकी यापेक्षा चांगल्या रीतीने कोणी शिकवली नसती. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात, हा हिशेब फळ्यावर मांडल्यानंतरच आम्ही एकेक करून दोन पंखे बदलले. पावसाळ्यात बिल तसेही उतरते, त्यामुळे जुलैच्या २४१ युनिटांचे श्रेय मी घेणार नाही. पण ऑक्टोबरच्या उकाड्यातही २८८ आले.

एक उद्दिष्ट अजून अपुरे आहे. खाडीकाठच्या ऐरोलीत राहून आणि येथील सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटत असूनही आम्ही ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पाहिलेले नाहीत. बोटीची वेळ भरतीवर ठरते, पत्नीची सुट्टी भरतीवर ठरत नाही, आणि हिवाळाभर ते वाक्य फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात गुलाबी खडूने तसेच राहिले. फोनमध्ये असते तर मी ते केव्हाच पुढच्या वर्षात ढकलून मोकळा झालो असतो. भिंतीवरून पुसायचे तर मुलीच्या देखत पुसावे लागते.

तोटे मोजायचे तर काळ्या पट्ट्यामुळे पॅसेज अंधारला आणि तेथे दिवसाही नऊ वॅटचा दिवा लावावा लागतो, जे वीज वाचवण्याच्या उद्दिष्टाला फारसे शोभत नाही. ज्यांच्या घरात उजेड कमी आहे त्यांनी हिरवी किंवा करडी छटा घ्यावी. दम्याचा त्रास असलेले कोणी घरात असेल तर डस्टलेस खडूच्या भरवशावर न राहता पांढरा मार्कर बोर्डच बरा. भाड्याच्या घरात हा रंग मालकाला विचारल्याशिवाय लावू नये, कारण घर सोडताना काळा रंग झाकण्यासाठी आधी भिंत घासून प्रायमरचे दोन हात द्यावे लागतात आणि तेवढ्यानेही कधी कधी खालची छटा वर येते.

या मे महिन्यात आम्ही तळाचा सोललेला पट्टा सोडून उरलेल्या भागावर एक नवा हात मारणार आहोत, आणि त्यासाठी पुन्हा नवा डबा आणावा लागेल, कारण गेल्या वर्षी उरलेल्या रंगावर जाड साय धरून तो खाली दगडासारखा बसला आहे. म्हणून चोवीस-पंचवीस चौरस फुटांसाठी, दुकानदार कितीही आग्रह करो, अर्ध्या लिटरहून मोठा डबा घेऊ नये.